विरजण

वाचनालयाच्या मागच्या खोलीत
जुन्या राजपत्रांचे गठ्ठे सरकवून
लाकडी स्टूल ठेवलं, स्टुलावर यंत्र.
अमरावतीहून आणलेला वापरलेला बोर्ड,
मोडक्या कूलरचा पत्रा कापून केलेला डबा,
त्यावर देवानंदनं खडूनं लिहिलं:
हात लावू नये. वाचायला हरकत नाही.

ग्रामपंचायतीच्या फॉर्मात रकाना होता: मालकाचे नाव.
ग्रामसेवक पेन उघडून बसलेले.
मी म्हटलं, एकच नाही.
म्हणजे संस्था?
संस्थाही नाही.
एक यंत्र इथं वाढोण्यात,
एक दारव्ह्याला, इरफानच्या बॅटरीच्या दुकानात,
एक कोरचीला, सुगंधा नैताम शिकवतात त्या शाळेत, कपाटावर.
ज्याचं त्याचं घर, ज्याचा त्याचा उंबरठा.
एकानं लिहिलेला कोड दुसऱ्याला दिसतो,
दुसरा दुरुस्त करतो,
पहिला मानतो, नाहीतर भांडतो.
मधे कुणाचं दुकान नाही.

"मंग बिघडलं त लोक कोनाले शिव्या देतीन?"

प्रश्न चांगला होता.
मी माझं नाव लिहिलं.

पहिलं मोठं भांडण ळ वरून.
विहिरींच्या पाण्याची नोंदवही, आमचा पहिला प्रोग्राम.
आमचे लोक टाइप करायचे 'पिवयी इहीर',
यंत्र म्हणायचं, अशी विहीर नाही.
आणि ती तर समोर, बाभळीखाली, भर उन्हात पिवळीजर्द.
इरफाननं एक ओळ घातली:
जिथे य, तिथे ळ समजावा.
आम्ही तिघांनी चहा प्यायला त्या ओळीवर, आपापल्या गावात.

सकाळी कोरचीहून निरोप:
दयाबाईची विहीर दळाबाईची झाली आहे.
दयाबाई जिवंत आहेत. त्यांना हे वाचून दाखवलं.
त्या म्हणाल्या, आयुष्यभर दळलं ते पुरे.

नऊ दिवस दोन फांद्या वेगवेगळ्या वाढल्या.
इरफान अबोला धरून, सुगंधाताई मुद्देसूद,
मी रात्री लाईन आली की दोघांचं वाचायची,
दोघंही बरोबर असायचे, याचाच राग यायचा.
दहाव्या दिवशी इरफाननं आपली ओळ स्वतःच खोडली
आणि खाली दुसरी लिहिली:
ज्या गावची विहीर, त्या गावचा उच्चार.
त्यासाठी लागलेला कोड मात्र दोनशे ओळींचा.

मग मे महिना.
डब्याच्या फटीतून पाल शिरली.
दुपारी दोनला चट्ट असा आवाज,
बोर्ड गेला, पालही गेली.
देवानंदनं चिमट्यानं ती बाहेर काढली
आणि आम्ही दोघं राजपत्रांवर बसून राहिलो.
दोन वर्षांचं लिहिलेलं.
कुणाला सांगणार? रकान्यात नाव माझंच.

संध्याकाळी फोनवर सुगंधाताई:
"अगं, विरजण मागायला लाजतेस काय?
तुझ्याच घरून आणलं होतं मी."

खरंच की.
शेजारच्या कांताबाईंकडे मी दर महिन्याला वाटी घेऊन जाते,
त्या कधी विचारत नाहीत, तुझं दही कसं नासलं म्हणून.
त्यांचं नासलं की त्या येतात.

इरफाननं बोर्ड पाठवला एसटीच्या कंडक्टरच्या हाती,
जुन्या बनियनमध्ये गुंडाळून.
कोरचीहून सगळं उतरायला पूर्ण रात्र लागली,
तीनदा तुटलं, तीनदा तिथूनच पुढे लागलं.
पण जे परत आलं ते अगदी तेच नव्हतं.
एकेचाळीस बदल असे, जे मी पाहिलेच नव्हते.
त्यात एक, अगदी बारका:
माझ्या पहिल्या फाईलच्या पहिल्या ओळीत
दोन वर्षं मी 'दुरूस्ती' लिहीत आले होते.
कुणीतरी रू चा रु केलेला.

बदल करणार: रैनू उसेंडी, इयत्ता सहावी.
कारण: मला दिसलं म्हणून.